पाचशे रुपयांची किल्ली



सिकंदराबादला पोस्टिंग येऊन आता दीड वर्ष होईल. इथं पार्कलेनला कॉम्प्युटरचा मोठा बाजार आहे. आउट पास मिळाला की आमची तरुण पोरं तिकडे धावतात. महिनाभर चर्चा चालते: प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं, कॅबिनेटला काच हवी की नको, पंख्यात दिवे किती. चाळीस-पन्नास हजारांचे सुटे भाग घेऊन येतात आणि क्वार्टरमध्ये चटईवर बसून मशीन जोडतात. मी ईएमईचा माणूस. पाना, सोल्डर आणि मल्टिमीटर यांच्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे पोरं मला बोलावतात आणि मीही आनंदानं जातो.

मशीन सुरू होतं, स्क्रीनवर अक्षरं येतात, टाळ्या पडतात. मग कोणीतरी विचारतं, "विंडोजचं काय?" आणि उत्तर दर वेळी ठरलेलं. "माझ्याकडे पेनड्राइव्ह आहे," किंवा "ऑनलाइन पाचशेला किल्ली मिळते, मी मागवून देतो."

पन्नास हजारांच्या हिशेबात पैसा ना पैसा लिहिलेला असतो. फक्त ज्या प्रणालीशिवाय ते मशीन म्हणजे लोखंडी डबा, तिच्या नावापुढे शून्य.

माझं म्हणणं सरळ आहे. सैनिकाच्या घरात, मग तो सेवेतला असो वा माजी, चोरीचं विंडोज नको. घ्यायचं तर पूर्ण पैसे मोजून घ्या. पैसे नसतील तर ज्याला पैसेच पडत नाहीत ते लिनक्स घ्या. तिसरा रस्ता आपला नाही. मी साधू आहे म्हणून हे सांगत नाही. त्या तिसऱ्या रस्त्यानं मी स्वतः गेलोय, आणि त्याचे पैसे दुसऱ्यानं भरले.

२०२२ च्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर गावी आलो होतो. आमचे उस्ताद निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यातच राहतात. मी रिक्रूट होतो तेव्हा हातात सोल्डरिंग आयर्न कसं धरायचं हे त्यांनी शिकवलं. त्यांचा निरोप आला, "एक कॉम्प्युटर जोडून दे. स्पर्शवर पेन्शनचं बघायचं असतं, हयातीचा दाखला, ईसीएचएसचे कागद. दर वेळी सायबर कॅफेवाल्याच्या दारात उभं राहायला नको." बजेट पंचवीस हजार. मी सुटे भाग आणले, दोन दिवसांत मशीन उभं केलं. पैसे संपले होते. विंडोज राहिलं होतं.

खिशात पेनड्राइव्ह होता. त्यावर एक 'ॲक्टिव्हेटर' होता, कोणी दिला तेही आता आठवत नाही. तो चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. मी केला. काळ्या चौकटीत चार ओळी पळाल्या आणि विंडोज 'ॲक्टिव्हेटेड' दाखवू लागलं.

उस्ताद शेजारी चहा घेत बसले होते. त्यांनी विचारलं, "कागदोपत्री सगळं बरोबर आहे ना रे?"

मी म्हणालो, "हो, उस्ताद."

दोन वर्षांनी त्यांचा ईमेल दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात गेला. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेले. त्यांच्या नावानं ओळखीच्या लोकांना मेल गेले: दवाखान्यात आहे, तातडीनं पैसे हवेत. उस्ताद कधी कुणाकडे पैसे मागणारा माणूस नाही, म्हणूनच एका जुन्या सोबत्यानं मागेपुढे न पाहता पंधरा हजार पाठवले. उस्तादांनी ते आपल्या पेन्शनमधून त्याला परत केले. त्या सोबत्यानं नको म्हटलं, तरी केले.

पुढच्या सुट्टीत मी ते मशीन उघडून बसलो. हे सगळं त्याच फाइलमुळे झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. अँटिव्हायरसच्या 'तपासू नका' या यादीत अख्खी सी ड्राइव्ह होती. ॲक्टिव्हेटरनं ती तिथं घातली होती आणि दोन वर्षं ती तशीच राहिली. म्हणजे पहारा होता, पण संत्र्याला हुकूम होता की या दारानं कोणीही आलं तरी तोंड फिरवून उभं राहा. आणि तो हुकूम मी दिला होता.

कोतमधल्या एका रायफलचा बट नंबर जुळला नाही तर रात्रभर कोणाला झोप नसते. गेटवर ओळखपत्राशिवाय आपण सख्ख्या भावाला आत घेत नाही. आणि घरी मात्र ज्याचं नाव, गाव, हेतू काहीच माहीत नाही अशा माणसानं लिहिलेली फाइल आपण पहारा झोपवून, सगळे अधिकार देऊन आत घेतो. का? तर काही हजार वाचतात.

आता नेहमीची उत्तरं बघू. ही सगळी मी दिलेली आहेत, त्यामुळे मला पाठ आहेत.

पहिलं उत्तर, "सगळेच करतात." करतात, खरं आहे. पण आपल्याकडे स्टोअरमध्ये बुटांचा एक जोड कमी भरला तर चौकशी बसते. तिथं "सगळेच नेतात" असं कोणी म्हणून बघावं. शिवाय कायद्यात याची नोंद आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब खास संगणक प्रणालींसाठी आहे. चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकतं. घरातल्या मशीनसाठी पोलीस दारात येतील असं मी म्हणत नाही. पण पकडलं जात नाही म्हणून चालतं, हा हिशेब वर्दीत वाढलेल्या माणसाचा नाही.

दुसरं उत्तर, "कंपनी श्रीमंत आहे, तिला काय फरक पडतो?" तिला पडत नसेल. उस्तादांना पडला.

तिसरं उत्तर जरा हुशारीचं आहे आणि हल्ली तेच जास्त ऐकू येतं. "आम्ही क्रॅक नाही वापरत. आम्ही पाचशे रुपयांत ओरिजिनल किल्ली विकत घेतो. बिलसुद्धा आहे." इथं थोडं थांबून सांगतो, कारण यात फसलेले बरेच जण मनानं प्रामाणिक आहेत. त्यांच्यात मीही होतो.

विंडोजची किल्ली म्हणजे पंचवीस अक्षर-अंकांचा नंबर, पाच-पाचचे पाच गट. दिसायला सगळ्या किल्ल्या सारख्या. पण त्यांच्या जाती वेगळ्या आहेत, आणि आपल्या भाषेत त्या अशा सांगता येतील.

रिटेल लायसन्स म्हणजे आपली काळी ट्रंक. नाव-नंबर रंगवलेली, पोस्टिंग आली की आपल्याबरोबर जाते. जुनं मशीन मोडलं तर लायसन्स त्यावरून काढून नव्यावर लावता येतं. एका वेळी एकाच मशीनवर, एवढीच अट. दुकानात ते सगळ्यात महाग असतं.

ओईएम लायसन्स म्हणजे सरकारी फॅमिली क्वार्टर. राहा मजेत, पण पोस्टिंग आली की ते तिथंच राहतं. हे लायसन्स पहिल्या मदरबोर्डाला चिकटतं. हौसेनं मदरबोर्ड बदललात तर नियमानं ते नवीन मशीन, आणि जुनं लायसन्स तिथंच संपलं. मुळात ते मशीन जोडून विकणाऱ्यांसाठी आहे, म्हणून स्वस्त असतं. तयार लॅपटॉपबरोबर येतं ते याच जातीचं.

आणि व्हॉल्यूम लायसन्स म्हणजे युनिटचं लंगर. कंपनी, कॉलेज किंवा कार्यालयानं आपल्या मशिनींसाठी एकगठ्ठा घेतलेलं. त्यात दोन प्रकार. एकात संस्थेचा स्वतःचा सर्व्हर असतो आणि प्रत्येक मशीनला १८० दिवसांच्या आत त्याच्याकडे रिपोर्ट करावा लागतो. बहुतेक ॲक्टिव्हेटर याच व्यवस्थेची नक्कल करतात. तुमच्या मशीनमध्ये खोटं हेडक्वार्टर उभं करतात आणि विंडोज बिचारं त्याला सॅल्यूट ठोकून परत येतं. दुसऱ्या प्रकारात एकाच किल्लीनं ठरावीक संख्येइतकी मशीन चालू होतात. बाजारात पाचशे-सातशेला फिरतात त्यांतल्या कितीतरी किल्ल्या या जातीच्या असतात. कुठल्या तरी संस्थेच्या गठ्ठ्यातून बाहेर आलेल्या आणि शेकडो लोकांना विकलेल्या. बाकीच्या बऱ्याच भंगारात गेलेल्या मशिनींच्या ओईएम किल्ल्या. किल्ली खरी असते, पण विकणाऱ्याला ती विकायचा हक्क नसतो. लंगरची पोळी पोटात गेली म्हणून ती बाजारात विकायची परवानगी मिळत नाही.

सिकंदराबादला आल्यावर मी मुलीसाठी मशीन जोडलं, तेव्हा उस्तादांच्या प्रकरणातून शहाणा झालोय असं मला वाटत होतं. क्रॅक नको, म्हणून ऑनलाइन एका विक्रेत्याकडून आठशेला किल्ली घेतली. लगेच चालली. आठ महिन्यांनी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली पुसट अक्षरं आली, विंडोज ॲक्टिव्हेट करा. विक्रेत्याच्या पानावर गेलो तर पानच नाही. मग जात तपासली, तर 'व्हॉल्यूम' निघाली. मी ना कंपनी, ना कॉलेज.

ही जात तुम्हालाही दोन मिनिटांत तपासता येते. स्टार्टमध्ये सीएमडी लिहून काळी चौकट उघडा. इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर लिहा, एक जागा सोडा, तिरपी रेघ द्या, पुढे डी-एल-आय लिहून एंटर दाबा. छोटी खिडकी उघडेल. त्यातल्या वर्णनाच्या ओळीत रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम असा शब्द दिसेल. घरच्या, स्वतः घेतलेल्या मशीनवर 'व्हॉल्यूम' दिसलं तर समजा, तुम्ही कुणाच्या तरी लंगरात जेवताय.

मग काय घ्यावं? घरी मशीन जोडणाऱ्यानं विंडोज घ्यायचं तर रिटेल घ्यावं, असं माझं मत आहे. कारण घरी जोडणारा माणूस आज ना उद्या मदरबोर्ड बदलतोच, आणि आपली तर दर दोन-तीन वर्षांनी बदलीही होते. ट्रंक महाग असते, पण वीस वर्षं पुरते. होम आवृत्ती बास आहे. प्रोमध्ये कार्यालयाच्या नेटवर्कला जोडणं, दुरून मशीन चालवणं अशा सोयी आहेत, घरी त्यांचं काम सहसा पडत नाही. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, बिल आपल्या नावानं करा आणि जपून ठेवा. ॲक्टिव्हेट झालं की लायसन्स आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा. पुढे मदरबोर्ड बदलला तर त्याच खात्यावरून 'हार्डवेअर बदललं' असं सांगून ते परत चालू करता येतं. हे मदरबोर्ड बदलायच्या आधी करायचं असतं, नंतर नाही.

मुलीसाठी मी शेवटी तेच केलं. दहा हजारांच्या आसपास गेले. हात जड झाला, नाकारत नाही. पण आधीच बजेटमध्ये धरले असते तर प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला असता आणि तिला फरकही कळला नसता. चूक किमतीची नव्हती, क्रमाची होती. प्रणाली यादीत सगळ्यात शेवटी लिहिली की तिच्या वाट्याला शून्य येतं.

"आणि ॲक्टिव्हेट न करता तसंच वापरलं तर?" असं एका पोरानं विचारलं. चालतं. कोपऱ्यात ती अक्षरं राहतात, पडद्याचं चित्र वगैरे बदलता येत नाही, पण सुरक्षेचे अपडेट येत राहतात. परवान्याच्या अटीत मात्र ते बसत नाही, त्यामुळे कायमचा उपाय म्हणून मी ते सांगणार नाही. पण पगार होईपर्यंत कोपऱ्यातली अक्षरं सोसा आणि ॲक्टिव्हेटरला हात लावू नका. पहारा तरी जागा राहील.

कंपन्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. डब्यावर किंमत छापून दुकानात विकता, तेव्हा गिऱ्हाइकाला वाटतं वस्तू विकत घेतली. प्रत्यक्षात मिळते ती फक्त वापरायची परवानगी, तीही पानंच्या पानं अटींसकट, वकिली भाषेत. ट्रंक आणि क्वार्टर यातला फरक डब्यावर चार सोप्या ओळींत, मराठीत, हिंदीत, तेलुगूत का लिहीत नाहीत? विंडोज ११ होम बसवताना इंटरनेट आणि कंपनीचं खातं लागतं. जिथं फोनला एक काडी रेंज यायला टेकडी चढावी लागते अशा ठिकाणी आमचे लोक राहतात. त्यांचा विचार कुणी करायचा? ही तक्रार खरी आहे. पण अटी पटत नसतील तर सौदा नाकारायचा असतो, मागच्या दारानं माल उचलायचा नसतो.

आणि सौदा नाकारायची सोय आहे. तिचं नाव लिनक्स. इथं माझे वाचक जांभई देतात हे मला माहीत आहे. "ते इंजिनिअर लोकांचं काम." अहो, आता तसं राहिलेलं नाही. केरळमधल्या सरकारी शाळांत पोरं कित्येक वर्षं लिनक्सवर शिकतायत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली. २०२३ मध्ये खुद्द संरक्षण मंत्रालयानं इंटरनेटला जोडलेल्या आपल्या संगणकांवर विंडोजऐवजी उबुंटूवर उभारलेली 'माया' प्रणाली आणायचं ठरवल्याच्या बातम्या आपण वाचल्या. मंत्रालय लिनक्सकडे वळतं, आणि आपण घरी पेनड्राइव्हवरचं चोरीचं विंडोज घालतो.

लिनक्सला किल्ली नाही, ॲक्टिव्हेशन नाही, मदरबोर्ड कितीही वेळा बदला. उबुंटू किंवा मिंटची दीर्घ मुदतीची आवृत्ती घेतली की पाच वर्षं अपडेट येतात. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, पटलं तर बसवा. ब्राउझर, मेल, पत्र लिहिणं, फोटो, व्हिडिओ कॉल सगळं होतं. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो.

अडचणी लपवत नाही. टॅली सरळ चालत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी टंकनावर हात बसलेल्यांची पंचाईत होते. डिजिटल सहीची काही उपकरणं आणि काही प्रिंटर त्रास देतात. बरेच खेळ चालत नाहीत. मुलाच्या अभ्यासक्रमात विंडोजवरचंच सॉफ्टवेअर असेल तर विंडोज घ्या, पैसे देऊन घ्या. पण ज्याला पेन्शन, बँक, बातम्या आणि नातवंडांचे फोटो एवढंच बघायचंय, त्यानं विंडोजचे दहा हजार कशासाठी घालवायचे, आणि चोरीचा डाग तरी कशासाठी लावून घ्यायचा?

हे आत्ताच लिहायचं कारण असं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे गावोगावी जुन्या मशिनी दुकानात जातायत आणि "पाचशेत अकरा टाकून देतो" असं ऐकून परत येतायत. तुमचं विंडोज १० अस्सल असेल आणि मशीन नियमात बसत असेल, तर अकरा फुकट मिळतं, कुणाला पाचशे द्यायचं कारण नाही. मशीन बसत नसेल तर तिच्यासाठी लिनक्स आहे. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी किल्ली चालवून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा, तो रस्ता कंपनीनं २०२३ मध्ये बंद केला.

उस्तादांच्या मशीनवर मी मिंट बसवलं. त्याआधी त्यांना सगळं सांगितलं, पेनड्राइव्हपासून सी ड्राइव्हपर्यंत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंधरा हजारांचं काही नाही रे. त्या दिवशी पैसे नाहीत म्हणाला असतास, तर मी पुढच्या महिन्याच्या पेन्शनपर्यंत थांबलो असतो."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पंधरा हजार मी त्यांना द्यायला गेलो, त्यांनी घेतले नाहीत.

ईएमईचं बोधवाक्य आपल्याला ठाऊक आहे: कर्म हि धर्म. वर्कशॉपमध्ये गाडी दुरुस्त करून 'फिट' अशी सही करताना आपला हात थरथरतो, कारण ती गाडी घेऊन कुणीतरी डोंगर चढणार असतो. मित्राचं, काकांचं, शेजारच्या माजी सैनिकाचं मशीन जोडून देतो तेव्हाही ती सहीच असते. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून तो माणूस त्यात आपला पासवर्ड टाईप करणार असतो.

म्हणून आज एवढं करा. आधी आपलं मशीन तपासा, आणि नंतर ज्यांना ज्यांना तुम्ही मशीन जोडून दिलंय त्यांना फोन करा. पहारा जागा आहे का ते बघा. नसेल तर तुमची चूक आहे असं त्यांना स्पष्ट सांगा, आणि पुढच्या सुट्टीत जाऊन दुरुस्त करा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.